शिवेवरून गोव्याला

शीव म्हणजे वेस. मुंबईचं बेट इथं संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. त्या हद्दीचंच नाव गावाला चिकटलं आणि पुढे परक्यांच्या तोंडी त्याचं सायन झालं. मधली खाडी केव्हाच बुजली, हद्द कुठे होती ते आता किल्ल्याच्या टेकडीवर उभं राहूनही कळत नाही. पण २५ डिसेंबर २०२५ला शीव पुन्हा एका वेशीवर आलं. त्या दिवशी उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि शीवच्या माणसापुढे दोन वाटा झाल्या. एक वांद्रे-कुर्ला संकुलावरून सांताक्रूझकडे, दुसरी पनवेलच्या रस्त्यानं खाडीपलीकडे. त्यात गोव्यातही विमानतळ दोन, दक्षिणेला दाबोळी आणि उत्तरेला पेडण्यातलं मोपा. म्हणजे मुंबईहून गोव्याला जायचे चार मार्ग आणि त्यावर दिवसभराची विमानं. मोबाइलवर शोध घेतला की एकाच दिवसाच्या, एकाच अंतराच्या प्रवासासाठी दुपटी-तिपटीच्या फरकाचे आकडे एकाखाली एक उभे राहतात आणि घरात वाद सुरू होतो.

वादाचं मूळ सवयीत आहे. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, रेल्वेचं अंतरावर, टॅक्सीचं मीटरवर. दूर जायचं तर जास्त, जवळ जायचं तर कमी, हे गणित अंगवळणी पडलेलं. त्यामुळे कोल्हापूरचं तिकीट दिल्लीच्या तिकिटाइतकं दिसलं की लूट वाटते. विमान कंपनी मात्र अंतर विकतच नाही. ती विशिष्ट तारखेची, विशिष्ट तासाची खुर्ची विकते, आणि दार बंद होऊन विमान हललं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य.

दादरच्या बाजारात रात्री उरलेली मेथी भाजीवाला मिळेल त्या भावाला देतो, कारण सकाळी ती सुकणार. खुर्चीही तशीच नाशवंत, तर मग शेवटच्या दिवशी विमानाचं तिकीट स्वस्त का होत नाही? कारण मेथी घेणारा संध्याकाळी सहज थांबलेला असतो, उद्याच्या विमानाचं तिकीट आज शोधणारा अडलेला असतो. कुणाची सासू अत्यवस्थ, कुणाची न्यायालयात तारीख, कुणाचं ऑफिसचं काम. आणि शेवटी भाव पडतो हे एकदा लोकांना कळलं, तर आधी तिकीट काढणारच कोण? म्हणून कंपनी काही खुर्च्या रिकाम्या जाण्याचा धोका पत्करते, पण अडलेल्या माणसाची वाट पाहणं सोडत नाही.

या वाट पाहण्याचा हिशेब १९७२मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूडनं मांडला. समजा, स्वस्त तिकीट ३,००० रुपयांचं आणि उशिरा येणाऱ्याला विकायचं तिकीट ८,०००चं. आज समोर तीन हजारांचं गिऱ्हाईक उभं आहे. आठ हजारवाला येण्याची शक्यता शंभरात साडेसदतीसहून जास्त असेल तर आजच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं. कमी असेल तर तिकीट देऊन टाकायचं. सगळं गणित एवढंच. पुढे १९८५मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं संगणकाच्या बळावर हेच गणित पीपल एक्सप्रेस या स्वस्त कंपनीविरुद्ध वापरलं. थोड्या खुर्च्यांना तिच्याइतकं कमी भाडं लावलं, उरलेल्या महागच ठेवल्या.

प्रत्यक्षात विमानाच्या खुर्च्यांचे भाड्यानुसार कप्पे पाडलेले असतात. एका कप्प्यात पंधरा, पुढच्यात वीस, असे. स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो. राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला सप्टेंबर २०१६पासून लागू झालेलं फ्लेक्सी भाडं ज्यांनी भरलं आहे त्यांना हे लगेच उमजेल; तिथे दर दहा टक्के बर्थ भरले की मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढतं. फरक इतकाच की रेल्वेचा जिना फक्त वर जातो. विमान कंपनी विक्री मंद दिसली तर खालचा कप्पा पुन्हा उघडते, वेगानं दिसली तर तो मुदतीआधीच बंद करते.

यातून शीवच्या चौकोनी कुटुंबाला एक उपयोगाची गोष्ट मिळते. चार जणांसाठी एकदम शोध घेतला आणि स्वस्त कप्प्यात दोनच खुर्च्या उरल्या असतील, तर सहसा चारही तिकिटं वरच्या कप्प्याच्या भावानं दिसतात. म्हणून आधी एका माणसासाठी भाव पाहावा, मग चौघांसाठी. फरक दिसला तर दोन-दोनची तिकिटं काढता येतात. मात्र तेव्हा पीएनआर दोन होतात आणि विमान रद्द झालं तर घराचे दोन तुकडे दोन वेगळ्या विमानांत जाऊ शकतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाशेजारी जागा द्या, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, २०२४मध्ये कंपन्यांना बजावलं; तेही एकाच पीएनआरवरच्या मुलांसाठी. लहान मुलं असतील तर दोन-चारशे रुपयांसाठी तिकीट फोडू नये.

याउलट, वारंवार शोधलं की कंपनीला आपली गरज कळते आणि ती भाव वाढवते, म्हणून गुप्त खिडकी उघडून शोधा, हा सल्ला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात दर मे महिन्यात फिरतो. त्यावर वेळ घालवण्यात फारसा अर्थ नाही. दुसऱ्यांदा पाहिल्यावर भाव चढलेला दिसतो, कारण मधल्या वेळात कुणी तरी तो कप्पा संपवलेला असतो, किंवा पहिल्यांदा दिसलेला आकडा शिळा असतो. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त होतं, हेही त्याच पंगतीतलं. तिकीट कोणत्या वारी काढलं यापेक्षा प्रवास कोणत्या वारी आहे याला महत्त्व असतं. गोव्याला शुक्रवार संध्याकाळ आणि परतीची रविवार संध्याकाळ महाग, मंगळवार-बुधवारची दुपार स्वस्त. सरळ मागणीचा खेळ आहे.

आता जवळचं अंतर महाग का पडतं ते. विमानाचा मोठा खर्च जमिनीवर आणि चढताना होतो. उड्डाणाला आणि वर चढायला मिनिटामागे सगळ्यात जास्त इंधन लागतं, आणि उतरण्याचं शुल्क, सामान चढवणं-उतरवणं, सफाई, कर्मचारी हे सगळं सव्वा तासाच्या प्रवासाला जेवढं लागतं तेवढंच अडीच तासांच्या प्रवासालाही. दिल्लीच्या तिकिटात हा खर्च साधारण अकराशे किलोमीटरवर पसरतो, गोव्याच्या तिकिटात त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर. भारतीय कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा, आणि इंधन अजून जीएसटीबाहेर असल्यानं त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर बसतो. महाराष्ट्रानं २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये तो २५ टक्क्यांवरून १८वर आणला. उलवं रायगड जिल्ह्यात येतं, हे इथं लक्षात घ्यावं.

लहान विमानांना सवलती आहेत. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याच्या शुल्कातून सूट मिळत आली आहे. एटीआर-७२ किंवा स्टार एअरची ७६ आसनांची एम्ब्राएर यांसारखी विमानं जवळच्या मार्गांवर दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. पण मुंबईत त्यांना वेगळीच अडचण येते. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्यावर ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली, म्हणजे दीड मिनिटाला एक याहूनही दाट. अशा ठिकाणी उतरण्या-उडण्याची एक वेळ सोन्याच्या मोलाची. ती वेळ ७० प्रवाशांच्या कोल्हापूरच्या विमानाला द्यायची की २३० प्रवाशांच्या दिल्लीच्या, याचं उत्तर धंद्याच्या भाषेत एकच येतं. मुंबईसाठी सकाळची सोयीची वेळ मिळावी ही कोल्हापूरकरांची मागणी वर्षानुवर्षं का चालली, त्याचं कारण या फुलीत सापडतं.

ज्या मार्गावर तीन-चार कंपन्या आहेत तिथे भाव एकमेकांच्या तोंडाकडे पाहत ठरतो. एकीनं सकाळचं भाडं उतरवलं की दुसरीचं तासाभरात उतरतं. मुंबई-गोव्याचं हेच भाग्य. एकच कंपनी असलेल्या मार्गावर तिला फक्त रेल्वे आणि रात्रीच्या स्लीपर बसची भीती. कोल्हापूरच्या विमानाची खरी स्पर्धा महालक्ष्मी एक्सप्रेसशी आणि शीव सर्कलला रात्री माणसं गोळा करणाऱ्या खासगी बसशी आहे. त्या बसलाही एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेता येत नाही, असा शासनाचा २०१८चा आदेश आहे. गणपतीत तो किती पाळला जातो हे परळ-लालबागच्या चाकरमान्यांना विचारावं.

मार्गावर स्पर्धा नसेल आणि प्रवासीही पुरेसे नसतील तर काय होतं, याचं उदाहरण चिपीत आहे. ९ ऑक्टोबर २०२१ला तिथल्या, म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातल्या, सिंधुदुर्ग विमानतळाचं उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं एटीआर मुंबईहून येऊ लागलं. मार्ग केंद्राच्या उडान योजनेतला. या योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासाला ठरावीक आसनं अडीच हजारांच्या आसपास द्यायची आणि कंपनीची तूट सरकारनं तीन वर्षं भरून द्यायची. उरलेल्या आसनांचा भाव कंपनीच्या मर्जीवर. पहिल्या दिवसांत मालवण-कुडाळात केवढा उत्साह! पण विमान आज आहे, उद्या रद्द, परवा उशिरा, असं होऊ लागल्यावर तिकीट स्वस्त असूनही लोकांचा भरवसा उडाला. लग्नाला निघालेला माणूस अडीच हजारांच्या अनिश्चिततेपेक्षा दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस पसंत करतो. तीन वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ही मुंबई सेवा थांबली. तोवर तळकोकणात जाणाऱ्यांना मोपा सापडलं होतं. ५ जानेवारी २०२३पासून सुरू झालेला हा विमानतळ महाराष्ट्राच्या हद्दीला जवळजवळ खेटून आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला दाबोळीसारखं मांडवी-झुआरी ओलांडून यावं लागत नाही. गावाचं नाव लिहिलेल्या विमानतळापेक्षा शेजारच्या राज्यातला, पण दिवसाला अनेक विमानं असलेला विमानतळ त्यांना जवळचा ठरला.

अमरावतीला १६ एप्रिल २०२५पासून आणि सोलापूरला त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून मुंबईची विमानं सुरू झाली. या मार्गांचं तिकीट काढताना भाड्याआधी विमान आठवड्यातून किती दिवस आहे ते पाहावं. दिवसाला आठ विमानं असलेल्या मार्गावर एक रद्द झालं तर दुसऱ्यात जागा मिळण्याची आशा असते. आठवड्यातून मोजकेच दिवस उडणारं विमान रद्द झालं तर पुढचं परवा. अशा मार्गावर परतीचं रेल्वे तिकीट हाताशी ठेवणारा माणूस भित्रा नव्हे.

सेवा म्हटलं की लोकांना अजून जेवण आठवतं. १९९३च्या मे महिन्यात जेट एअरवेज मुंबईतून उडू लागली तेव्हा इंडियन एअरलाइन्सला कंटाळलेल्या प्रवाशांना गरम जेवण आणि हसतमुख कर्मचारी यांचंच अप्रूप होतं. त्यानंतर दहा वर्षांनी कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कननं जेवण काढून टाकलं आणि भाडं उतरवलं. ऑगस्ट २००६मध्ये आलेल्या इंडिगोनं जेवणाऐवजी वेळेवर पोचवण्याचीच जाहिरात केली. थाटमाटाची किंगफिशर २०१२मध्ये बंद पडली. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. मे २०२३मध्ये गो फर्स्टही थांबली. तासाभराच्या प्रवासात जेवण हा मुद्दाच उरत नाही. सँडविच द्रोणात मिळालं की डब्यात, यानं काय फरक पडतो?

भरवसा मोजता येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. डीजीसीए दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक कंपनीची मोठ्या विमानतळांवरची वक्तशीरता, रद्द झालेल्या उड्डाणांचं प्रमाण आणि दर दहा हजार प्रवाशांमागे किती तक्रारी आल्या, हे सगळं असतं. नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान वेळेवर धरलं जातं. तिकीट काढायच्या आधी शेवटच्या तीन महिन्यांचे आकडे पाहायला दहा मिनिटं पुरतात. फक्त एक खोच ध्यानात ठेवावी. मुंबई-गोवा विमान हवेत पाऊण तासाच्या आसपास असतं, पण वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्या त्यात आधीच धरलेल्या असतात. थोडा जास्त वेळ लिहिला की उशिरा निघालेलं विमानही ‘वेळेवर’ पोचतं.

एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. पहाटे कुठे तरी वीस मिनिटं गेली की ती पुढे पुढे सरकत संध्याकाळपर्यंत दीड तास होतात. म्हणून सकाळचं पहिलं विमान सगळ्यात भरवशाचं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर हा नियम दगडावर कोरून ठेवावा. पावसात दृश्यता घटली, मुख्य धावपट्टी काही काळ बंद झाली की दुसऱ्या धावपट्टीवर तितकी विमानं मावत नाहीत. १ जुलै २०१९च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं आणि ती धावपट्टी तीन दिवसांहून अधिक बंद राहिली. शेकडो उड्डाणं कोलमडली. आपलं विमान आत्ता कुठे आहे हे फ्लाइटरडारसारख्या ॲपवर दिसतं. संध्याकाळी सातच्या गोव्याच्या फेरीचं विमान पाच वाजता अजून दूरच्या गावी उभं असेल, तर घरातून चहा पिऊन निघालं तरी चालतं. काउंटर मात्र जुन्याच वेळेला बंद होऊ शकतो, तेव्हा बॅग सोपवायची असेल तर असा आळस करू नये.

पण एखाद्या कंपनीची सरासरी चांगली म्हणून आपण सुरक्षित, असंही नाही. वैमानिकांच्या विश्रांतीच्या आणि रात्रीच्या उतरण्यांच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ला लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वक्तशीरपणाचा झेंडा मिरवणाऱ्या इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक वेळापत्रकात बसत नव्हते. देशातल्या दर तीन प्रवाशांपैकी जवळजवळ दोन जण एकाच कंपनीचे असल्यानं इतरांकडे तेवढ्या खुर्च्या नव्हत्याच. उरलेल्या खुर्च्यांचे भाव भडकले. ६ डिसेंबरला सरकारनं कमाल भाडी ठरवून दिली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, पंधराशेपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. कर आणि विमानतळ शुल्क वेगळं. गोवा, कोल्हापूर, नागपूर कुठल्या गटात येतं हे पाहिलं तर त्या आठवड्यातल्या माणसांची अवस्था कळते. कोविडकाळातही मे २०२० ते ऑगस्ट २०२२ अशा मर्यादा होत्या. एरवी भाडं ठरवायला कंपन्या मोकळ्या असतात.

अशा वेळी नियम ठाऊक असलेला प्रवासी आणि नसलेला प्रवासी यांत फरक पडतो. ऐनवेळी, म्हणजे चोवीस तासांहून कमी अवधी असताना कळवून विमान रद्द केलं, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, आणि त्यावर भरपाई. प्रवास वेळापत्रकानुसार तासाभरापर्यंतचा असेल तर ५,०००, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५००, त्याहून मोठा असेल तर १०,००० रुपये. गोवा मधल्या गटात बसतं. इथं लोकांची फसगत होते, कारण नियमाचं पुढचं वाक्य वाचलेलं नसतं. ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी ते मिळतं. २,२०० मूळ भाड्याच्या तिकिटावर साडेसात हजार मागायला गेलेला माणूस काउंटरवर भांडून घसा बसवतो. हवामान किंवा हवाई नियंत्रणासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही. परतावा मात्र मिळतो.

उशीर झाला तर अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांनंतर खाणं-पाणी देणं कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे जागा नाकारली आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं नाही, तर मूळ भाडं आणि इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. पर्यायी विमान चोवीस तासांनंतरचं असेल तर चौपट, कमाल २०,०००. मागितल्याशिवाय यातलं काहीही सहसा मिळत नाही. काउंटरवर कारण लेखी मागावं, निदान संदेशाचा फोटो ठेवावा, आणि कंपनीनं दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

तिकीट स्वतःच रद्द करायचं असेल तर दोन गोष्टी. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन आकारापेक्षा जास्त असू शकत नाही. सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, विमान चुकलं तरीसुद्धा. आणि प्रवास सात दिवसांपलीकडचा असेल तर तिकीट काढल्यानंतर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत ते दंडाशिवाय रद्द करता येतं. त्यासाठी ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढलेलं असणं सोयीचं. रजा मिळेल की नाही याचा घोळ असणाऱ्यानं आज चांगला भाव पकडून उद्या साहेबांना विचारावं. उलट, परतावा ‘क्रेडिट’ म्हणून कंपनीच्याच खात्यात ठेवा, नंतर वापरा, असं आमिष आलं तर सहसा पैसेच मागावेत. गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली तेव्हा अनेक प्रवासी परताव्यासाठी धनकोंच्या रांगेत उभे राहिले.

राहता राहिला शीवच्या वेशीवरचा प्रश्न, सांताक्रूझ की उलवं?

तिकिटातली विमानतळ वापर शुल्काची ओळ आधी वाचावी. मे २०२५पासूनच्या दरानुसार सांताक्रूझहून देशांतर्गत प्रवासाला निघताना १७५ आणि येताना ७५ रुपये. नवी मुंबईला सुरुवातीच्या तात्पुरत्या दरानुसार निघताना ६२० आणि येताना २७०. येण्या-जाण्यात माणशी ६४०चा फरक, चौघांच्या घराला २,५६०. हे दर बदलत राहतात, पण ओळ तिकिटावर छापलेलीच असते. उलव्याहून भाडं यापेक्षा जास्त उतरलेलं असेल तरच फायदा. त्यात रस्ता धरावा. हलक्या गाड्यांना वाशीचा टोल ऑक्टोबर २०२४पासून नाही, शिवडीहून अटल सेतूनं गेलं तर एका फेरीचे २५०. टॅक्सीचं अंतर सांताक्रूझच्या तिप्पट. सांताक्रूझला जायचं तर धारावी स्थानकातून भुयारी मेट्रो थेट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपर्यंत जाते. एक खांद्यावरची पिशवी असलेल्या माणसाला यापेक्षा स्वस्त आणि वेळेचं काही नाही. शीव स्टेशनवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४मध्ये बंद झाल्यावर पूर्वेकडून पश्चिमेला टॅक्सीनं जाणं म्हणजे काय, हे शीवकरांना वेगळं सांगायला नको. चेंबूर, मानखुर्द, वाशीच्या माणसाचं उत्तर वेगळं येईल, आणि गोरेगावकराला हा प्रश्न पडायचंच कारण नाही.

एकदा कागदावर सगळा वेळ मांडून पाहावा. घरातून विमानतळ पाऊण तास, तिथे दीड-दोन तास आधी, विमान सव्वा तास, बॅग येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, मोपाहून पणजी किंवा सावंतवाडी आणखी तासभर. सव्वा तासाचा प्रवास पाच तासांवर जातो. दादरला पहाटे थांबणारी मडगाव वंदे भारत पावसाळा सोडला तर आठ तासांच्या आत पोचवते, खेड-रत्नागिरी-कणकवलीला उतरवते, आणि बॅगेचं वजन कुणी करत नाही. कणकवलीच्या माणसानं विमानानं जाणं हा केवळ हौसेचा भाग झाला. मडगावच्या पुढे काणकोणला किंवा कारवारला जायचं असेल तर दाबोळीचं विमान, तेही आधी काढलेलं, पुन्हा विचार करण्याजोगं.

गणपतीत मात्र सगळे हिशेब कोलमडतात. नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. ज्यांची नावं प्रतीक्षा यादीत जातात ते सगळे एकाच वेळी विमानाकडे वळतात, आणि त्याच दिवशी मोपाचे खालचे कप्पे भराभर रिकामे होतात. म्हणून विमानानं जाण्याची शक्यता असणाऱ्यांनी रेल्वे उघडायच्या आधी विमानाचा भाव पाहून ठेवावा. चतुर्थीच्या दोन दिवस आधीचं विमान आदल्या दिवसाच्या विमानापेक्षा बऱ्याचदा बरंच स्वस्त असतं. परतीला गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळं कोकण एकदम निघतं. एक दिवस जास्त राहता आलं तर राहावं. सामानाचं पंधरा किलोंचं माप आजीला आधीच सांगून ठेवावं, कारण काउंटरवरचा जादा किलोचा दर आधी घेतलेल्या वजनापेक्षा महाग पडतो. ‘बॅगेविना’ असं लिहिलेलं स्वस्त भाडं गावाहून परतताना कुणाच्याही कामाचं नाही. आणि सुकं खोबरं विमानात चालत नाही. ते तेलकट आणि पेट घेणारं म्हणून बंदीच्या यादीत आहे. वाटीभर खोबरं असलं तरी बॅग उघडायला लावतात. ते मागून येणाऱ्या काकाच्या हाती तुतारीनं पाठवावं.